परीक्षक ओळखीचा असला तर काय? जॉर्जिया कवितास्पर्धेचं प्रकरण

१९९९ साली अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया प्रेसच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेच्या, कवितासंग्रह स्पर्धेत पीटर सॅक्स या कवीचं हस्तलिखित निवडलं गेलं. निवडणारी परीक्षक होती जोरी ग्रॅहम. पुढच्या वर्षी, म्हणजे २००० मध्ये, या दोघांचं लग्न झालं.

प्रकरण म्हणाल तर एवढंच, दोन ओळींचं. यात पोलीस नाहीत, कोर्ट नाही, पैसे खाल्ल्याचा आरोपसुद्धा नाही. पण या दोन ओळींमुळे अमेरिकेतल्या छोट्या प्रकाशकांच्या स्पर्धांचे नियम बदलले, एक संपादक पायउतार झाला आणि आजही तिकडच्या बऱ्याच कवितास्पर्धांच्या नियमावलीत एक वाक्य सापडतं ज्याला लोक थेट 'जोरी ग्रॅहम रूल' म्हणतात. आपल्याकडे कथास्पर्धा, कवितास्पर्धा, 'नवोदितांसाठी पहिला संग्रह मोफत' वगैरे पोस्टरं व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतात, निकाल लागला की 'सेटिंग होतं' असं अर्धे लोक म्हणतात आणि 'द्राक्षं आंबट' असं उरलेले अर्धे, आणि दोघांकडेही पुरावा नसतो. म्हणून जिथे कागदपत्रं बाहेर आली असं हे एक प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

आधी तिकडची सिस्टीम समजून घ्यायला लागेल, नाहीतर लोक एवढे का चिडले ते कळणार नाही.

अमेरिकेत कवितेचं पुस्तक विकलं जात नाही (हे वाचून मराठी कवींना जरा बरं वाटेल). मोठे प्रकाशक नव्या कवीला दारात उभं करत नाहीत. मग उरतात विद्यापीठांची प्रकाशनं आणि दोनतीन माणसांनी चालवलेली छोटी प्रेस. यांच्याकडे पैसा नसतो, म्हणून गेल्या काही दशकांत एक पद्धत रुळली: स्पर्धा लावायची, प्रत्येक हस्तलिखितामागे फी घ्यायची, जिंकेल त्याचा संग्रह छापायचा आणि वर हजारेक डॉलर बक्षीस द्यायचं. त्या काळात फी साधारण वीस डॉलरच्या आसपास असायची. आता नुसतं समजा की पाचशे हस्तलिखितं आली, तर झाले दहा हजार डॉलर. त्यातून बक्षीस गेलं, परीक्षकाचं मानधन गेलं, छपाईला हातभार लागला आणि उरलं ते ऑफिसच्या खर्चात. म्हणजे चारशे नव्व्याण्णव हरलेले लोक मिळून एका जिंकलेल्याचं पुस्तक काढतात. वाईट वाटून घेऊ नका पण हिशोब हाच आहे, आणि मला त्यात मुळात काही पाप दिसत नाही, आपल्याकडे भिशी चालते, लकी ड्रॉ चालतो, मग हे का नको. फक्त एक आहे, की लकी ड्रॉमध्ये चिठ्ठी सगळ्यांसमोर काढतात.

या पद्धतीतला कवी काय करतो, तर वर्षानुवर्षं तेच हस्तलिखित दहा-पंधरा ठिकाणी पाठवत राहतो. प्रत्येक ठिकाणी वीस डॉलर, पोस्टाचा खर्च वेगळा, कारण तेव्हा सगळं कागदावर जायचं. नोकरीसाठीसुद्धा हे पुस्तक लागतं. तिकडे क्रिएटिव्ह रायटिंग हा विद्यापीठातला विषय आहे आणि शिकवायची कायमची नोकरी हवी असेल तर नावावर पुस्तक पाहिजे, म्हणजे स्पर्धा जिंकणं हे नुसतं कौतुक नाही, त्यावर पोट आहे. आणि परीक्षक कोण, तर त्याच विद्यापीठांत शिकवणारे नावाजलेले कवी. विद्यार्थीही त्यांचे, स्पर्धकही त्यातलेच. इथेच सगळी मेख आहे.

आता जॉर्जियाकडे. अथेन्स नावाच्या गावात (ग्रीसमधलं नाही, जॉर्जिया राज्यातलं) हे विद्यापीठ, आणि त्याच्या प्रेसची 'कंटेम्पररी पोएट्री सिरीज' म्हणजे नव्या कवींना मानाचं पान. आधी पुस्तकं निघालेले कवीही त्यात असायचे. मालिकेचा संपादक होता बिन रॅम्की, स्वतः कवी, डेन्व्हर विद्यापीठात प्राध्यापक, आणि गंमत म्हणजे तो स्वतःही अशाच एका स्पर्धेतून वर आलेला, येलच्या. संपादक म्हणून त्याने अनेक वर्षं ही मालिका चालवली आणि त्यातून चांगले कवी बाहेर आले हेही खरं आहे.

पण या स्पर्धेत परीक्षकांची नावं जाहीर होत नव्हती. स्पर्धेच्या आधी नाही आणि निकालानंतरही नाही. तुम्ही फी भरायची, हस्तलिखित पाठवायचं, काही महिन्यांनी 'अमुक जिंकला' असं कळायचं, निवडलं कोणी ते कळायचं नाही.

जोरी ग्रॅहम म्हणजे काही ऐरीगैरी बाई नव्हे. १९९६ चं पुलित्झर तिला मिळालेलं. आयोवाच्या रायटर्स वर्कशॉपमध्ये, जी तिकडची लेखनाची सगळ्यात नावाजलेली शाळा, तिथे तिने बरीच वर्षं शिकवलं आणि १९९९ मध्येच ती हार्वर्डला गेली, नोबेल मिळालेला आयरिश कवी शेमस हीनी याच्या जागेवर, त्या पदावरची पहिली बाई. सॅक्स आधीपासून हार्वर्डलाच शिकवत होता. त्याचे आधी संग्रह निघालेले होते, तेव्हा तो नवखा पोरगा आणि कोणीतरी हात धरून वर काढला, असलं काही नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय कारण नंतर या प्रकरणाच्या ज्या कहाण्या झाल्या त्यात सॅक्स म्हणजे अगदीच वशिल्याचं तट्टू असा रंगवला गेला, ते बरोबर नाही. पण दुसऱ्या बाजूने बघा, ज्याचे संग्रह आधीच निघालेत, ज्याला हार्वर्डची नोकरी आहे, त्याला ही जागा मिळते आणि वीस डॉलर भरून रांगेत उभा असलेला कोणीतरी आयुष्यात पहिल्या पुस्तकाची वाट बघत राहतो. राग लग्नाचा कमी आणि याचा जास्त होता असं मला वाटतं.

बाहेर कसं आलं

पाच वर्षं कोणाला काही कळलं नाही. म्हणजे आतल्या वर्तुळात कुजबुज असणारच, ती कुठे नसते, पण कागदावर काही नव्हतं. एप्रिल २००४ मध्ये फोएट्री डॉट कॉम नावाची वेबसाइट सुरू झाली. चालवणारा निनावी. साइटचा नाराच असा की फसव्या स्पर्धा उघड्या पाडू, चमचे शोधू, नावं घेऊ. आणि खरंच नावं घ्यायला लागला. अमुक स्पर्धेचा परीक्षक अमुक, विजेता त्याचा विद्यार्थी, तमुक ठिकाणी विजेती आणि परीक्षक एकाच विभागात, असे तक्तेच्या तक्ते. ग्रॅहमने वेगवेगळ्या स्पर्धांत निवडलेल्या कवींमध्ये तिचे आयोवाचे जुने विद्यार्थी किती, हेही त्याने मांडलं.

जॉर्जियाचं कोडं मात्र नुसत्या गप्पांनी सुटणारं नव्हतं कारण तिथे परीक्षकांची नावंच गुप्त. तेव्हा त्याने सरळ माहितीचा अर्ज टाकला. जॉर्जिया विद्यापीठ हे सरकारी विद्यापीठ, त्यामुळे त्याची प्रेसही तिथल्या खुल्या कागदपत्रांच्या कायद्याखाली येते, आपल्या माहिती अधिकारासारखंच. प्रेसला परीक्षकांची नावं द्यावी लागली. १९९९ समोर ग्रॅहम, त्यासमोर सॅक्स.

इथे थोडं थांबून विचार करा. हीच स्पर्धा एखाद्या खाजगी छोट्या प्रेसने घेतली असती तर? काहीच बाहेर आलं नसतं. आपल्याकडेही तसंच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे, ते सरकारी काम, तिथे कोणीही माहिती अधिकारात अर्ज टाकून विचारू शकतो. पण गावातल्या एखाद्या प्रकाशकाने दोनशे रुपये घेऊन कथास्पर्धा लावली तर त्याला विचारणार कोण? तो सांगेल ते ऐकायचं. जिथे नवा माणूस सगळ्यात जास्त जातो, तिथेच विचारायची सोय सगळ्यात कमी.

ग्रॅहमचं म्हणणं काय होतं तेही ऐकायला पाहिजे. एक, निवडीच्या वेळी ती आणि सॅक्स नवराबायको नव्हते, जे खरंच आहे. दोन, त्याला निवडताना तिला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं होतं आणि म्हणून तिने आधी संपादक रॅम्कीला विचारून घेतलं होतं. म्हणजे तिच्या बाजूने तिने गोष्ट लपवली नाही, जिथे सांगायची तिथे सांगितली. संपादकाने हो म्हटलं.

आणि मला विचाराल तर या प्रकरणाचा काटा इथेच आहे, ग्रॅहमवर नाही. परीक्षक माणूस आहे, त्याला माणसं आवडणार, त्याला ज्या प्रकारची कविता आवडते तशी लिहिणाऱ्या माणसाच्या तो प्रेमातही पडणार, त्यात नवल ते काय. तिने 'मला अवघड वाटतंय' असं सांगितलं त्या क्षणी संपादकाकडे तीन रस्ते होते: ते हस्तलिखित दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवायचं, सॅक्सला फी परत करून 'या वर्षी नको' म्हणायचं, किंवा निवड ठेवायची पण परीक्षकाच्या नावासकट जाहीर करायची आणि जे काय बोलणी बसतील ती खायची. यातलं काहीच झालं नाही. का झालं नाही, तर नियमच नव्हता. परीक्षकाच्या ओळखीचं हस्तलिखित आलं तर काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि परीक्षकाचं नाव बाहेर जाणारच नसल्यामुळे ते लिहायची कधी गरजही भासली नसावी.

गुप्ततेच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की परीक्षकाचं नाव आधी जाहीर केलं तर लोक त्याला फोन करतात, ओळखी काढतात, त्याच्या चवीप्रमाणे लिखाण शिजवून पाठवतात. यात तथ्य आहे. आपल्याकडे तर परीक्षकाच्या घरी पेढे घेऊन जाणारे निघतील. पण हा युक्तिवाद निकाल लागेपर्यंतच चालतो. निकालानंतरही नाव का झाकायचं? तिथे संरक्षण स्पर्धेला मिळत नाही, संपादकाला मिळतं.

आता उलटी बाजू

एवढ्यावर थांबलो तर हे प्रकरण सोपं होईल, चोर सापडला, घरी जा. पण याच अमेरिकेत, याच प्रकारच्या स्पर्धेत, चव्वेचाळीस वर्षं आधी एक गोष्ट घडली होती आणि ती सगळी गणितं बिघडवते.

येल विद्यापीठाची तरुण कवींसाठीची मालिका, १९१९ पासून चालू असलेली, या सगळ्या स्पर्धांची आजी. १९५५ साली तिचा परीक्षक डब्ल्यू. एच. ऑडेन, इंग्रजीतला मोठा कवी. प्रेसमधल्या वाचकांनी आलेल्या गठ्ठ्यातून चाळून काही निवडक हस्तलिखितं त्याच्याकडे पाठवली, पद्धत तीच होती. ऑडेनला त्यातलं एकही पसंत पडलं नाही. मग त्याने काय केलं, तर जॉन अ‍ॅशबेरी आणि फ्रँक ओ'हारा या न्यूयॉर्कच्या दोन तरुण कवींना, जे त्याच्या ओळखीच्या वर्तुळातले होते, सांगितलं की तुमचं बाड थेट माझ्याकडे पाठवा. अ‍ॅशबेरीचं हस्तलिखित प्रेसच्या चाळणीतच बाद झालेलं होतं! ऑडेनने त्यालाच निवडलं. संग्रह १९५६ मध्ये निघाला. ऑडेनची प्रस्तावनासुद्धा काही फार भरभरून वगैरे नाही. आणि हा अ‍ॅशबेरी पुढे विसाव्या शतकातल्या इंग्रजी कवितेतल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक झाला, १९७६ मध्ये तिकडचे तिन्ही मोठे पुरस्कार एकाच संग्रहाला घेऊन गेला.

आता सांगा. नियमाने बघितलं तर हे जॉर्जियाहून वाईट आहे. परीक्षकाने चाळणी बाजूला सारली, ओळखीच्या माणसांना निरोप धाडले, बाद झालेलं हस्तलिखित मागच्या दाराने आत घेतलं आणि रांगेत उभे असलेले बाकीचे तसेच परत गेले. आज कोणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट फिरतील. आणि तरी निकाल बरोबर लागला, निदान काळाने तरी तसं ठरवलंय.

काही लोक हे उदाहरण देऊन म्हणतात की बघा, चांगल्या परीक्षकाला मोकळं सोडा, नियमांनी कविता निघत नाही. मला ते पटत नाही. मला या गोष्टीत दुसरंच काहीतरी दिसतं, ते म्हणजे चाळणी. अ‍ॅशबेरीला बाद कोणी केलं होतं? पोस्टरवर ज्याचं नाव असतं त्याने नाही. ज्यांची नावं कधीच कुठे येत नाहीत अशा पहिल्या फेरीच्या वाचकांनी. पाचशे हस्तलिखितांतली चारशे ऐंशी तिथेच संपतात, आणि ज्या थोर लेखकाचं नाव बघून तुम्ही पैसे भरले त्याच्या टेबलावर तुमचं बाड जातच नाही. सगळा वाद परीक्षक आणि विजेता यांच्या नात्यावर होतो, आणि खरी कत्तल त्याच्या आधीच होऊन गेलेली असते, कोणी केली ते माहीत नाही, कशावरून केली ते माहीत नाही. फोएट्रीवाल्यानेही मोठी नावंच जास्त धरली. साहजिक आहे, मोठ्या नावाला धरलं की आवाज होतो.

नंतर काय झालं

रॅम्कीने मालिकेचं संपादकपद सोडलं. ग्रॅहमने पुढे स्पर्धांचं परीक्षण करणं बंद केलं. कविता लिहिणं आणि शिकवणं दोन्ही चालू राहिलं, तेव्हा कोणी देशोधडीला लागलं असं नाही.

२००५ मध्ये फोएट्रीच्या मालकाचं नाव बाहेर आलं. अ‍ॅलन कॉर्डल, ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या एका कम्युनिटी कॉलेजातला ग्रंथपाल. स्वतः कवी नाही. पण बायको कवयित्री, आणि तिचा संग्रह कुठे निघालेला, तर याच जॉर्जियाच्या याच मालिकेत, १९९५ साली. हे कळल्यावर विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. मला यात ढोंग दिसत नाही, उलट ज्याच्या घरात ही सगळी धडपड रोज चालू आहे त्यालाच त्याची एवढी चीड येणार. पण निनावी राहून दुसऱ्यांची नावं घ्यायची, हे जे होतं ते त्याला शेवटपर्यंत चिकटलं. साइटवर नुसत्या योगायोगांवरूनही लोकांना फसवे ठरवलं जायचं, एका वर्कशॉपला आठवडाभर गेला म्हणजे 'विद्यार्थी', एका कार्यक्रमात शेजारी बसला म्हणजे 'मित्र'. जे स्वच्छ जिंकले होते त्यांच्या पुस्तकांवरही डाग पडला. पारदर्शकता मागणारा स्वतः तीन हात पडद्याआड, हे लोकांना खटकणारच. २००७ मध्ये साइट बंद झाली.

टिकलं ते वेगळंच. छोट्या मासिकांची आणि प्रेसची जी तिकडची संघटना आहे, सीएलएमपी, तिने २००५ मध्ये स्पर्धांसाठी आचारसंहिता केली. ती वाचली तर फारच छोटी आहे, एका परिच्छेदाची. मथितार्थ असा की स्पर्धा शक्य तेवढ्या नीतीने घेऊ, नियम स्पष्ट देऊ आणि हितसंबंध कशाला म्हणायचं ते त्यातच लिहू, आणि निवड कशी होते ती पद्धत लोकांना बघायला ठेवू. वर हेही म्हटलंय की स्पर्धेच्या पद्धती वेगवेगळ्या असतात आणि त्यातली प्रत्येक नीतीने चालवता येते. मला हे शेवटचं फार शहाणपणाचं वाटलं. म्हणजे ते असं म्हणत नाहीत की नाव झाकूनच वाचा, किंवा परीक्षक बाहेरचाच आणा. जे करता ते सांगा, एवढंच.

आणि तो ग्रॅहम रूल. परीक्षकाचे नातेवाईक, जवळचे मित्र, आजीमाजी विद्यार्थी यांनी भाग घेऊ नये. वेगवेगळ्या प्रेसनी वेगवेगळ्या शब्दांत घातला, पण गाभा हा.

आपल्याकडे हाच नियम लावला तर

बोंबला. मराठीत कथेच्या स्पर्धेला परीक्षक आणायचा म्हटला तर तो कोण असणार? ज्याचे चार संग्रह आलेत, ज्याला दिवाळी अंकवाले दरवर्षी फोन करतात, जो कार्यशाळा घेतो, संमेलनाला जातो. आणि स्पर्धक कोण? जे त्याच कार्यशाळेला जाऊन आलेत, त्याच अंकांना कथा पाठवतात आणि फेसबुकवर त्याच्या प्रत्येक पोस्टखाली 'अप्रतिम सर' लिहितात. 'परीक्षकाच्या ओळखीच्यांनी भाग घेऊ नये' असं छापलं तर प्रवेशिकाच येणार नाहीत, किंवा मग परीक्षक बेळगावचा, स्पर्धा नागपूरची असला उपाय करायला लागेल, आणि तरी दोघं एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघतील.

नाव झाकून वाचण्याचंही तेच. आयोजक मोठ्या अभिमानाने सांगतात की आम्ही नाव काढून फक्त क्रमांक घालून कथा दिल्या. बरं. पण ती कथा आधी एखाद्या ग्रुपवर वाचून झालेली असते, लेखकाची बोली ठरलेली असते, चंदगडकडची बोली लिहिणारे असे कितीसे आहेत, दुसऱ्या परिच्छेदात परीक्षकाला कळतं की हा कोण. नाव झाकल्याने अनोळखी माणसाचं थोडंफार संरक्षण होतं, म्हणून झाकावंच, पण ओळखीचा माणूस त्यामुळे लपत नाही. कवितेत तर अजिबात नाही.

म्हणून जॉर्जियाच्या प्रकरणातून उचलायचं तर बंदी उचलू नये, नोंद उचलावी असं माझं मत आहे. परीक्षकाला प्रत्येक अंतिम प्रवेशिकेपुढे एक रकाना द्यायचा: लेखक ओळखू आला का, आला तर ओळख काय, शिकवलंय, नातं आहे, नुसती तोंडओळख आहे. नातं किंवा गुरूशिष्य असेल तर ती कथा दुसऱ्याने वाचायची. तोंडओळख असेल तर वाचा पण निकालाच्या पत्रकात लिहा. 'विजेत्या लेखिकेने परीक्षकांच्या कार्यशाळेत भाग घेतला होता, म्हणून ही कथा श्री. अमुक यांनी स्वतंत्रपणे वाचली', एक ओळ, बास. ही ओळ छापायला प्रकाशकाचा एक रुपया जास्त जात नाही. त्याला फक्त भीती असते की लोक काय म्हणतील. लोक तसंही म्हणतच असतात.

फीच्या बाबतीत मी जरा कडक आहे. फी न घेता स्पर्धा घेतली, प्रकाशकाने स्वतःच्या खिशातून किंवा देणगीतून केली, तर त्याने आपल्या आवडीने निवडावं, त्याचं घर त्याचा पाहुणा, मी काही बोलणार नाही. पण दोनशे रुपये घेतले की ती खाजगी बाब राहिली नाही. किती प्रवेशिका आल्या, पहिली फेरी कोणी वाचली (नावं नको तर निदान किती जणांनी, आणि ते कोण, प्राध्यापक की प्रकाशकाचा भाचा), परीक्षकाकडे शेवटी किती गेल्या आणि एकही पसंत पडली नाही तर पैशांचं काय होणार, हे पोस्टरवर नाहीतर निकालाबरोबर आलंच पाहिजे. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही' हे वाक्य मराठी स्पर्धांच्या नियमांत एवढं पाठ झालंय की ते कोण कोणाला बजावतंय हेही आता कोणी बघत नाही. निर्णय अंतिम असायला माझी हरकत नाही, कोणीतरी कुठेतरी थांबलंच पाहिजे. पण तोच निर्णय निनावीही असावा ही कसली अट?

नव्या लेखकाने काय करावं हे विचाराल तर पैसे भरायच्या आधी त्या प्रकाशकाला एक साधा मेल टाकावा: पहिली फेरी कोण वाचतं आणि परीक्षक ओळखीचा निघाला तर तुम्ही काय करता? उत्तर आलं, भले 'अजून ठरवलं नाही, बघतो' असं आलं, तरी पाठवायला हरकत नाही. 'तुमचा आमच्यावर विश्वास नाही का' असं उत्तर आलं तर ते दोनशे रुपये वाचवा आणि त्यात एखादा दिवाळी अंक घ्या, निदान कुठला संपादक कसल्या कथा छापतो ते तरी कळेल.